झेलणारीचं गाणं

आधी एक गोष्ट ऐकून घ्या, मंग पुढचं बोलू. त्या गाण्यात जे ट्रम्पेट वाजते ना, ते मी आहे. हाव, मी. अनुसयाबाई, नवेगाव बांधाच्या अलीकडच्या गावची. वाजवते बिसनलाल, हे मले माहीत आहे. फुंक त्याची, गाल त्याचे. पण बोल माझे! ट्रम्पेट तोंडाले लावून तो जे म्हणते, ते मी म्हटलं आहे त्याच्या आधी, माझ्या आंगणात, वरून त्याले चहा पाजून. हे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगून राहिली.

अन् आवाज फुलवंताचा. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ती माझी चुलत जाऊ लागते, लहान जाऊ. खरं तं तिच्याबद्दलच सांगाचं आहे मले, पण माझ्या तोंडातून माझं नाव पहिले निघते. सवय आहे, काय करता?

आमच्याकडं रोवणा लागला की बाया रांगेनं बांधीत, पाणी भरल्या वावरात, उतरतात. वाकून, मागं मागं सरकत धान रोवतात, अन् रोवता रोवता गाणं म्हणतात. एक असते सांगणारी, बाकीच्या झेलणाऱ्या. सांगणारीनं ओळ टाकाची, झेलणाऱ्यांनी ती उचलून जबाब द्याचा. मी वावराच्या बांधाकडं, धुऱ्याकडं, पाहत टाकते, "धुऱ्यावरून कोण गं येते?" तं त्या म्हणतात, "येऊन राहिला, बाई, येऊन राहिला!" ओळ टाकली अन् कोणी झेलली नाही, तं ती चिखलात पडली म्हणतात. मंग त्या सांगणारीची अशी फजिती होते की पुढच्या रोवण्यापर्यंत बाया तिले चिडवतात. माझी ओळ कधी पडली नाही. काऊन, तं माझ्या बाजूले फुलवंता असते. माझं तोंड बंद होण्याच्या आधी तिचा जबाब तयार. अन् आवाज कसा! जाडसर, जरासा खरखरीत, पोटातून निघणारा, अन् शेवटाले असा वर चढते की पलीकडच्या बांधीतला ट्रॅक्टरवाला ट्रॅक्टर बंद करून ऐकत बसते.

पण ती झेलणारीच बाप्पा. जन्माची झेलणारी. सालेकशाकडच्या जंगलातली पोरगी, लग्न होऊन आमच्या गावात आली, तेव्हापासून मी पाहून राहिली, तिनं आपण होऊन कधी बोलणं काढलं नाही. माझ्या दारात येते अन् उभी राहते. मी "काय वो?" म्हटल्याशिवाय तोंड उघडत नाही. एक डाव मी मुद्दाम बोललीच नाही. तांदूळ निवडत बसली. मी निवडून राहिली, ती उभी. मी निवडून राहिली, ती उभीच. शेवटी माझंच डोस्कं भडकलं, "अवो, काय पाहिजे ते बोल ना!" तं म्हणते कशी, "बाई, तुमचं दूध उतू गेलं."

आता सांगा, अशा बाईचं काय करावं?

दुकानात गेली तं दुकानदारानं "काय देऊ?" म्हणाले पाहिजे. पोरीचं नाव सोनिका तिच्या नणदेनं ठेवलं, हिनं मान हलवली. नवरा संजू भला माणूस. तो विचारते, ही सांगते, असा त्यांचा संसार. तो बाहेरगावी गेला की त्या घरात बोलणं सुरूच होत नाही. विचारा तं सगळं बोलते, हसते, चेष्टा करते, जबाब तं असा देते की समोरचा गार. फक्त कोणी आधी ओळ टाकाले पाहिजे.

तं असा रोवणा चालू असताना ओमेश्वर आला. माझ्या नणदेचा पोरगा. गोंदियात मोबाइलच्या दुकानाच्या वर एक खोली घेऊन त्यानं स्टुडिओ टाकला आहे, भिंतीले गाद्या ठोकून. लग्नाचे, वाढदिवसाचे, निवडणुकीचे गाणे बनवते. पण खूळ त्याच्या डोक्यात दुसरंच. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं जुन्या जमान्यातलं गाणं. सोल म्हणते तो त्याले. धुऱ्यावर चपला हातात घेऊन उभा राहिला अन् मोबाइलवर वाजवून दाखवलं त्यानं. ट्रम्पेट, ऑर्गन, टाळ्या, अन् एक बाई अशी गाऊन राहिली होती की घरदार उचलून नेईल.

"मामी, आजकल फिर से यही चल रहा है," तो म्हणे. "नवे पोट्टे जुन्या ढंगानं बनवून राहिले. मलेही बनवाचं आहे. पर आवाज नहीं मिल रहा."

मी कान देऊन ऐकलं. एक बाई ओळ टाकून राहिली, मागच्या बाया झेलून राहिल्या. मी म्हटलं, "हे तं रोवण्याचंच आहे बे! ह्या बाया कोणत्या गावच्या?"

तो हसला. मी म्हटलं, थांब, तुले खरं ऐकवते. अन् टाकली ओळ. फुलवंतानं झेलली, ते असं काही लांबवून, मुरडून झेलली की ओमेश्वरच्या हातातला मोबाइल चिखलात पडला. तो काढाचं भान नाही त्याले. "मामी, यही चाहिए! बस, यही!"

मी पदर सारखा केला. म्हटलं, येते मी गोंदियाले, कधी येऊ सांग.

तं त्यानं बोट दाखवलं फुलवंताकडं.

ठीक आहे. मी काही लहान मनाची नाही. पोळा झाल्यावर मीच तिले घेऊन गेली गोंदियाले, काऊन की ती एकटी गेली असती तं बसच्या कंडक्टरनं विचारेपर्यंत तिकीटही काढलं नसतं. ओमेश्वरनं तिले माइकसमोर उभं केलं, कानावर ते मोठं हेडफोन चढवलं अन् संगीत लावलं. पहिले चिखलातून पाय काढाचा आवाज, जो त्यानं आमच्याच बांधीत भरून नेला होता, त्याच्यावर टाळ्या, त्याच्यावर नाटकवाल्यांचा जुना ऑर्गन. अंगावर काटा आला माझ्या! अन् फुलवंता उभी. नुसती उभी.

ओमेश्वरनं वायर बदलली. माइक बदलला. हेडफोन स्वतःच्या कानाले लावून पाहिलं. "फुलवंतामामी, सुनाई दे रहा है ना?" ती म्हणते, "हाव, चांगलं येऊन राहिलं." पुन्हा लावलं. पुन्हा ती उभी, गोड हसत. पोट्टा घामाघूम झाला, मशीनच्या मागं घुसला, पंखा बंद करून पाहिला.

मी सोफ्यावर बसून पाहून राहिली होती. म्हटलं, "अबे, मशीन कायले खोलून राहिला? तिले कोणी ओळ टाकलीच नाही तं ती झेलील काय, तुझं डोस्कं?"

अन् सोफ्यावरूनच टाकली मी. अन् ती लागली ना! काय लागली माय वो! ओमेश्वर खुर्चीवरून उठून उभाच राहिला.

पण भानगड अशी झाली, की माझा आवाज जरा मोठा. मशीनवर जे हिरवं चढते-उतरते, ते माझी हाक आली की सारं लाल. त्यानं मले दरवाजाबाहेर बसवलं, तरी लाल. जिन्यात बसवलं, तरी लाल. शेवटी खालच्या मोबाइलच्या दुकानात पाठवलं, हातात फोन देऊन. मी दुकानात गिऱ्हाइकांच्या मधात उभी राहून फोनात ओरडून राहिली, "धुऱ्यावरून कोण गं येते?" अन् वर फुलवंता हेडफोनमध्ये ऐकून झेलून राहिली. एक जण चार्जर घ्याले आला होता, तो म्हणे, "कौन आ रहा है चाची?" मी म्हटलं, तू तुझं चार्जर घे.

झालं, पूर्ण गाणं झालं. मंग ओमेश्वर म्हणते, "फुलवंतामामी, आता एक जागा आहे. सारं थांबते, नुसत्या टाळ्या चालतात. इथं पहिली ओळ तुम्ही टाकाची. मनात येईल ते. कोणी विचारणार नाही."

टाळ्या सुरू झाल्या. तिनं तोंड उघडलं. जागा निघून गेली. पुन्हा लावलं. पुन्हा उघडलं, मिटलं. कपाळावर घाम, पदर मुठीत धरलेला. मी वर येऊन काचेच्या अलीकडं उभी होती. जिभेवर माझ्या ओळ येऊन राहिली होती, पण टाकली असती तं काय अर्थ? शेवटी ओमेश्वर म्हणे, राहू द्या, टाळ्याच ठेवतो. आजही ऐकाल तं ती जागा तशीच आहे, टाळ्या वाजतात अन् कोणी बोलत नाही.

येताना बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. सडक अर्जुनीच्या रस्त्यावर ट्रकांची रांग लागली होती, बस थांबली. अन् मी काही विचारलं नसताना, शपथ सांगते, मी तोंड उघडलं नव्हतं, ती म्हणाली, "बाई, मले एक डाव आधी म्हणाचं आहे."

मी वळून पाहिलं.

"ओळ होती माह्यापाशी. दातापर्यंत आली होती. पण वाटलं, मी टाकली अन् कोणी झेललीच नाही तं?" तिचे डोळे भरले होते. "तुमची कधी पडली नाही बाई, तुमाले नाही समजाचं. सारा जन्म दुसऱ्याचं झेलूनच जाते का काय माहा?"

अन् हे तिनं मले विचारलं. मले, अनुसयाबाईले! मी तिले चिवड्याचा पुडा दिला, दुसरं काय देणार होती?

आम्ही गावात परतलो, त्याच्या मागोमाग बिसनलाल आला. बिसनलाल आमच्या भागातला बँडवाला, लगनात ट्रम्पेट वाजवते. आता डीजे आल्यापासून त्याचं ट्रम्पेट खुंटीले. म्हणे, ओमेश्वरनं पाठवलं, तुमच्या हाका शिकाच्या आहेत. मले वाटलं, माझ्या आवाजामागं वाजवाले शिकून राहिला. मी खुशीत. चहा ठेवला. एकेक हाक म्हणून दाखवली, तो तशीच्या तशी ट्रम्पेटात उतरवे. "कोण गं" म्हणताना मी जरा नाकात जाते ना, तेही घेतलं त्या माणसानं. कुठं श्वास घेते, तेही. मी शाबासकी दिली त्याले, काय सांगू!

दसऱ्याले गाणं मोबाइलवर आलं. माझ्या ओसरीवर सारं गाव जमलं. चिखल वाजला, टाळ्या वाजल्या, ऑर्गन आला, अन् आता माझी हाक म्हणून मी सावरून बसली, तं ट्रम्पेट! माझ्या जागेवर ट्रम्पेट! सारं गाणं संपलं, मी कुठंच नाही. त्या पोट्ट्यानं मले काढून तिथं पितळ बसवलं!

मी फोन लावला त्याले अन् असा झाडला, असा झाडला की शेजारची कुत्री आंगणातून उठून गेली. तो म्हणे, "मामी, सुनो तो. ट्रम्पेट नुसतं विचारते, काय विचारते ते ऐकणाऱ्यानं आपल्या मनानं भराचं. हीच तं मजा आहे." मी म्हटलं, मजा गेली चुलीत, अन् फोन ठेवला.

पण पोट्टा खरा निघाला, काय करता! पहिले कॉलेजच्या पोट्ट्यांनी त्या गाण्यावर व्हिडिओ बनवणं सुरू केलं. एक जण बंद पडलेल्या लाइटच्या खांबाखाली उभा, ट्रम्पेट वाजते, खाली लिहिलेलं, "लाइनमन कुठं आहे?" अन् फुलवंता म्हणते, "येऊन राहिला, बाई, येऊन राहिला!" झालं, वणवा लागला. सडक अर्जुनीच्या ढाब्यावर वेटरले हाक मारली की गल्ल्यावरचा माणूस हेच गाणं लावे. सभेच्या मांडवात पुढाऱ्याचा पत्ता नाही, लावा गाणं. साहेब ऑफिसात नाही, लावा गाणं. नागपूर झालं, रायपूर झालं, मंग कुठले कुठले लोक, ज्याइले रोवणा म्हणजे काय माहीत नाही, ते कंबर हलवून नाचू लागले. बिसनलालचं ट्रम्पेट खुंटीवरून उतरलं ते पुन्हा चढलं नाही. लोक डीजेवाल्याले म्हणत, थांब गा, आधी बिसनलालले वाजवू दे.

अन् आमच्या बाया? त्याइले ट्रम्पेटात मीच ऐकू येई. कापणीले गेल्या अन् कोणाच्या मोबाइलवर लागलं की बरोबर माझे शब्द त्या ट्रम्पेटवर बसवून म्हणत. तेव्हा कुठं माझा राग थोडा उतरला. थोडाच.

फुलवंता रस्त्यानं निघाली की पोट्टे गाडीवरून ओरडत, "मामी, कोण येते?" अन् तिच्या तोंडून आपोआप निघे, "येऊन राहिला!" मंग स्वतःच तोंडावर पदर घेऊन हसे. खूश होती. पण मी पाहत होती. घरात, दुकानात, कुठंही गाणं लागलं अन् ती नुसत्या टाळ्यांची जागा आली, की हिचं हसणं थांबे. ओठ हलत. जागा निघून गेली की मंग कामाले लागे. संजू मले म्हणाला, "वहिनी, ती झोपेतही टाळ्या मोजते."

दिवाळी झाली, गावाची मंडई, म्हणजे आमची जत्रा, आली. मंडईले आमच्या घरोघरी पाव्हणे, जिलेबी, झुले, साऱ्या तालुक्याची गर्दी. पंचमंडळींनी ठरवलं, दुपारी स्टेजवर गाणं खरंखुरं होऊ द्या. ओमेश्वर ऑर्गन घेऊन आला. बिसनलाल लाल कोट घालून आला, पितळी बटनं घासून. अन् फुलवंता मोरपंखी साडीत, हात बर्फासारखे गार. मी धरून पाहिले ना.

मले स्टेजवर बोलावलं होतं, टाळ्या वाजवाले. मी म्हटलं, टाळ्या वाजवाले अनुसयाबाई? मी खाली बसली, सगळ्यात समोर, फुगून.

सुरू झालं अन् काय सांगू तुमाले! ट्रम्पेटनं विचारलं, फुलवंतानं झेललं, अन् तिच्यासोबत सारी मंडई! झुल्यावरचे लोक झुल्यावरून म्हणून राहिले, जिलेबीवाला झारा वर करून म्हणून राहिला. म्हातारे उठून नाचू लागले. मी फुगलेली होती, तरी माझा पाय थांबेना. मेला पाय!

अन् मंग ती जागा आली. ऑर्गन थांबला. बिसनलालनं ट्रम्पेट खाली केलं. नुसत्या टाळ्या. सारी मंडई टाळ्या वाजवून राहिली, काऊन की गाण्यात तसंच आहे, साऱ्याइले पाठ होतं. फुलवंतानं माइक दोन्ही हातांनी धरला. तोंड उघडलं.

मी मनात म्हटलं, टाक. टाक वो माय.

अन् तिनं टाकली!

"टाकली मी ओळ, कोण गं झेलते?"

काय आवाज होता तो! झेलणारीचा नव्हताच. सरळ, मोकळा, मंडईच्या त्या टोकापर्यंत गेला. टाळ्या बंद पडल्या. लोकाइले समजेना, हे तं गाण्यात नाही. "येऊन राहिला" इथं बसत नाही, अन् दुसरं कोणाले काही माहीत नाही. बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. ओमेश्वरचे हात ऑर्गनवर तसेच. कोणी झेलेना. फुलवंताचा चेहरा पांढरा पडून राहिला होता, ओळ तिच्यासमोर खाली खाली येऊन राहिली होती, मले दिसून राहिली होती.

आता ऐका. मी आयुष्यात कोणाची ओळ झेलली नाही. माझ्या सासूची नाही, माझ्या आईची नाही. झेलाची कशी असते, कुठं उचलाची, किती लांबवाची, मले येतच नाही. पण मी उठली. पदर खोचला अन् होती तेवढ्या आवाजानं ओरडली, "मी झेलून राहिली, बाई, मी झेलून राहिली!"

आमच्यात मोठीले बाई म्हणतात, अन् मी ते तिले म्हटलं. लहान जावेले. ते मंग लोकांनी सांगितलं, तेव्हा मले समजलं.

सूर कुठच्या कुठं गेला होता माझा. उशिराही झेलली, अन् शेवट वर न्याचा तं मी खाली नेला. ओमेश्वरच्या मशीनवर सारं लाल झालं असेल. पण झेलली. मागच्या बायांनी लगेच धरली, मंग साऱ्या मंडईनं, "मी झेलून राहिली, बाई, मी झेलून राहिली!" बिसनलालनं ट्रम्पेट उचललं, अन् या वेळी विचाराले नाही, आमच्यासोबत झेलाले.

स्टेजवर फुलवंता हसून राहिली होती अन् डोळे वाहून राहिले होते, दोन्ही एकदम. मले वाटलं, झालं, आता खाली येईल, माझ्या गळ्यात पडेल. मी हात पसरून तयार.

तं तिनं माइक पुन्हा तोंडाले लावला अन् दम घेऊ न देता दुसरी ओळ टाकली. मंग तिसरी. मंग चवथी. मी धापा टाकून राहिली, घसा बसला, अन् ती थांबेच ना.